बेटांची जन्मकथा

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

आपल्या पोटात जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे एक अवयव आडवा पडलेला असतो. वीतभर लांब आणि वजनाला शंभर ग्रॅमच्या आसपास. मराठीत त्याला स्वादुपिंड म्हणतात, उर्दूत लबलबा. इंग्रजीतला पॅन्क्रियाज हा शब्द मूळ ग्रीक, आणि त्याचा अर्थ ‘सगळं मांसच’. हाड नाही, कूर्चा नाही, नुसतं मांस. काळजावर कविता झाल्या, हृदयावर झाल्या, उर्दू शायरांनी तर जिगरही सोडलं नाही. स्वादुपिंडाच्या वाट्याला मात्र कुणी कवी आला नाही. वास्तविक घरोघरी ज्या आजाराची चर्चा चालते, त्या मधुमेहाचं मूळ बरंचसं इथंच आहे.

मी साहित्य घेऊन बी. ए. झालेला माणूस. शरीरशास्त्र माझा विषय नव्हे. पण आमच्या घरात तीन पिढ्या मधुमेह आहे आणि आता माझाही नंबर लागला आहे. रोज सकाळी गोळी घेताना वाटायचं की हे ज्ञान माणसाला मिळालं तरी कसं? म्हणून वाचत गेलो. वाचताना एक गोष्ट लक्षात आली, तीच आज सांगायची आहे. मधुमेहाच्या उपचाराची वाट पुन्हा पुन्हा गर्भाशयातून गेली आहे. स्वादुपिंड आईच्या पोटात कसं घडतं, हे जसजसं उलगडलं, तसतसा उपचार पुढं सरकला.

सुरुवात इटलीतल्या पादुआ शहरातून करू. १६४२ साली तिथं योहान गेओर्ग विर्झुंग नावाचा जर्मन शरीरशास्त्रज्ञ एका फाशी गेलेल्या माणसाच्या प्रेताचं विच्छेदन करत होता. त्याला स्वादुपिंडाच्या आत, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक नळी दिसली. ही नळी कशासाठी असावी, हे त्याला उमगेना. हिला रोहिणी म्हणावं की नीला, असं त्यानं पॅरिसमधल्या एका नामांकित वैद्याला पत्रानं विचारलं. तांब्याच्या पत्र्यावर तिचं चित्र कोरून त्याचे ठसे विद्वानांना पाठवले. उत्तर मिळण्याआधीच, १६४३ मध्ये, विर्झुंगचा गोळी घालून खून झाला. पुढं कळलं की त्या नळीतून पाचक रस आतड्यात जातो. आणखी काही दशकांनी सांतोरिनी या इटालियन शरीरशास्त्रज्ञानं त्याच अवयवातल्या दुसऱ्या, लहान नळीचं वर्णन केलं.

एका अवयवाला दोन नळ्या कशासाठी? याचं उत्तर प्रौढ माणसाच्या शरीरात सापडण्यासारखं नव्हतं. ते एकोणिसाव्या शतकात गर्भाचा अभ्यास सुरू झाल्यावर मिळालं. स्वादुपिंड मुळात एक नसतंच, दोन असतात. गर्भ चार आठवड्यांचा होतो, तेव्हा त्याचं आतडं म्हणजे एक साधी नळी असते. त्या नळीला पाठीच्या बाजूनं एक कोंब फुटतो आणि पोटाच्या बाजूनं, पित्तनलिकेजवळ, दुसरा. मग आतडं वळतं, आणि त्या वळणाबरोबर पुढचा कोंब फिरून मागच्या कोंबाच्या शेजारी येतो. सातव्या आठवड्याच्या सुमाराला दोघं एक होतात. त्यांच्या नळ्याही जुळतात आणि त्यातून विर्झुंगनं पाहिलेली मोठी नळी बनते. सांतोरिनीची लहान नळी हा मागच्या कोंबाचा उरलेला भाग. काही माणसांत या नळ्या जुळतच नाहीत. बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही.

एवढं झालं तरी साखरेचा विषय अजून आलेलाच नाही. तो आला बर्लिनमध्ये, १८६९ साली. पाउल लांगरहान्स हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी डॉक्टरकीचा प्रबंध लिहीत होता. सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला वेगळ्याच पेशींचे छोटे छोटे पुंजके दिसले. भोवती पाचक रस बनवणाऱ्या पेशींचा पसारा आणि मध्ये मध्ये हे फिकट ठिपके. हे काय आहेत ते आपल्याला सांगता येत नाही, असं त्यानं सरळ लिहून टाकलं. पुढं क्षयानं त्याला गाठलं. हवापालटासाठी तो मदेरा बेटावर जाऊन राहिला आणि १८८८ मध्ये चाळिशीतच वारला. आपण पाहिलेल्या ठिपक्यांचं काम त्याला अखेरपर्यंत कळलं नाही.

त्याच्या मृत्यूनंतर वर्षभरातच, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्गला मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. कुत्र्याला मधुमेह झाला. साखरेचा आणि या अवयवाचा संबंध पक्का ठरला. १८९३ मध्ये एदुआर लागेस या फ्रेंच शास्त्रज्ञानं सुचवलं की साखर ताब्यात ठेवणारा पदार्थ त्या ठिपक्यांतच तयार होत असावा. त्यांना नावही त्यानंच दिलं, लांगरहान्सची बेटं. बेटावर मेलेल्या माणसाचं नाव शरीरातल्या बेटांना मिळालं.

हा लागेस पेशींच्या आणि गर्भाच्या जडणघडणीचा अभ्यासक होता, हे महत्त्वाचं. त्याच्या लक्षात आलं होतं की प्रौढाच्या मानानं गर्भाच्या आणि नवजात पिल्लाच्या स्वादुपिंडात बेटांचं प्रमाण बरंच जास्त असतं. प्रौढ माणसात ती संख्येनं लाखांत असली, तरी सगळ्यांचं वजन अवयवाच्या शंभरात एक-दोन भागच भरतं. लागेसचं हे निरीक्षण पंचवीस-तीस वर्षं पुस्तकांत पडून राहिलं.

आता कॅनडातल्या टोरोंटो शहरात येऊ. १९२१ सालचा उन्हाळा. फ्रेडरिक बॅन्टिंग हा तरुण शल्यचिकित्सक आणि चार्ल्स बेस्ट हा बावीस वर्षांचा विद्यार्थी, प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत बेटांमधला तो पदार्थ वेगळा काढण्याच्या खटपटीत होते. अडचण अशी होती की स्वादुपिंड कुटून अर्क काढला, तर त्यातले पाचक रस त्या नाजूक पदार्थाची नासाडी करतील असं त्यांना वाटत होतं. म्हणून ते कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधून टाकत. कित्येक आठवड्यांनी पाचक पेशी सुकून जात, बेटं उरत, आणि मग अर्क काढायचा. काम फार संथ चाले आणि हाती येई थोडंसं.

नोव्हेंबरमध्ये बॅन्टिंगला लागेसचं ते निरीक्षण आठवलं. गर्भाला अन्न नाळेतून मिळतं. त्याला काही पचवायचं नसतं, म्हणजे त्याच्या स्वादुपिंडात पाचक रसांची गडबड कमी आणि बेटं भरपूर. बॅन्टिंग शेतकऱ्याचा मुलगा होता. कत्तलखान्यात येणाऱ्या गाई पुष्कळदा गाभण असतात, हे त्याला घरच्या अनुभवातून ठाऊक होतं. दोघं शहरातल्या कत्तलखान्यात गेले, वासरांच्या गर्भांची स्वादुपिंडं घेऊन आले आणि अर्क काढला. आठवड्यांचं काम दिवसांवर आलं, आणि मधुमेही कुत्र्याची साखर त्या अर्कानं उतरली. पुढच्या काही आठवड्यांत त्यांना कळलं की अल्कोहोल वापरलं तर मोठ्या जनावराच्या स्वादुपिंडातूनही अर्क निघतो. म्हणजे गर्भाची गरज तेवढ्यापुरतीच होती. पण अडलेली गाडी नेमकी तिथून सुटली.

११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. औषध गढूळ होतं, फारसा गुण आला नाही. जेम्स कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानं अर्क शुद्ध केला आणि २३ जानेवारीला पुन्हा टोचला. या वेळी साखर खाली आली. तोवर अशा मुलांना उपाशी ठेवून आयुष्य थोडं लांबवणं एवढंच डॉक्टरांच्या हातात होतं. लेनर्ड आणखी तेरा वर्षं जगला. १९२३ मध्ये बॅन्टिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. इन्शुलिनच्या पेटंटचे हक्क शोधकांनी विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकले.

पुढची साठ वर्षं जगाला इन्शुलिन पुरवलं ते गाई-बैलांनी आणि डुकरांनी. आठ औंस शुद्ध इन्शुलिनसाठी दोन टनांहून अधिक स्वादुपिंडं लागत. या काळाची एक आठवण आमच्या घरातही आहे. माझे मामू मिरजेला राहत. १९७०च्या दशकात त्यांना इन्शुलिन सुरू झालं. काचेची सिरिंज स्टोव्हवर उकळायची, आणि घरात फ्रीज नसल्यामुळं औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवायची. मामूंनी डॉक्टरांना विचारलं, ‘‘साहेब, हे बनतं कशाचं?’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘कधी गाईबैलाचं, कधी डुकराचं. जे मिळेल ते घ्या.’’ मामू गप्प घरी आले आणि संध्याकाळी मौलानांकडं गेले. मौलाना म्हणाले, ‘‘जान वाचवणं फर्ज आहे. सुई टोचून घ्या.’’ पलीकडच्या वाड्यातल्या एका काकूंनाही हेच औषध होतं, पण त्यांची अडचण उलटी. मामूंना डुकराचं नको, काकूंना गाईचं नको. औषधाच्या दुकानात जे येई तेच दोघांना मिळे. दोघांनीही टोचून घेतलं आणि दोघंही नातवंडं खेळवण्याइतके जगले. १९७८ मध्ये जिवाणूंकडून मानवी इन्शुलिन बनवून घेण्याची युक्ती साधली आणि १९८२ पासून ते बाजारात येऊ लागलं. तेव्हापासून मामूंसारख्यांचा आणि काकूंसारख्यांचा पेच हळूहळू मिटत गेला.

पण इन्शुलिन हा मधुमेहाचा इलाज आहे, त्याचा शेवट नव्हे. इथं दोन प्रकारांतला फरक सांगायला हवा. पहिल्या प्रकारात शरीराचीच प्रतिकारशक्ती बेटांमधल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकते. या पेशींना बीटा पेशी म्हणतात. हा प्रकार बहुधा लहान किंवा तरुण वयात गाठतो. दुसऱ्या प्रकारात इन्शुलिनचा शरीरावर नीट परिणाम होत नाही, बीटा पेशी जास्त जास्त राबतात आणि हळूहळू थकतात. आपल्याकडं बहुसंख्य लोकांना हाच असतो. दोन्हींत प्रश्न एकाच ठिकाणी येतो. गेलेल्या बीटा पेशी परत कशा आणायच्या?

२००० साली कॅनडातल्याच एडमंटनमध्ये मृत दात्यांची बेटं काढून सात रुग्णांच्या यकृतात सोडली. सातही जणांचं इन्शुलिन सुटलं. मात्र एका रुग्णाला दोन किंवा अधिक दात्यांची बेटं लागली. एवढे दाते आणायचे कुठून? म्हणजे बेटं तयारच करायला हवीत. आणि ती कशी तयार होतात हे फक्त गर्भाला माहीत आहे.

या सुमारास गर्भाचं कोडं सुटत चाललं होतं. १९९४ मध्ये असं दिसलं की पीडीएक्स-१ नावाचं एक जनुक नसेल, तर उंदराच्या पिल्लाला स्वादुपिंडच येत नाही. २००० मध्ये दुसरं एक जनुक सापडलं. ते नसेल तर स्वादुपिंड होतं, पण बेटांविना. गर्भातली पेशी काय व्हायचं ते शेजाऱ्यांकडून शिकते, हेही कळलं. पाठीचा कणा होण्याआधी तिथं एक दोरा असतो. तो शेजारच्या आतड्याला खुणावतो, तेव्हा कुठं मागचा कोंब फुटतो. मग एकामागून एक निरोप येत जातात आणि आधी आतडं, मग स्वादुपिंड, मग बेट, मग बीटा पेशी, अशी एकेक पायरी चढली जाते. पायरी गाळून चालत नाही.

हार्वर्डचे डग्लस मेल्टन बेडकाचा गर्भ कसा वाढतो याचे अभ्यासक होते. १९९१ मध्ये त्यांच्या सहा महिन्यांच्या मुलाला पहिल्या प्रकारचा मधुमेह निघाला आणि काही वर्षांनी मुलीलाही. बापानं बेडूक सोडून स्वादुपिंड धरलं. कोणत्याही प्रकारची पेशी होण्याची क्षमता असलेल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, प्रयोगशाळेत घ्यायच्या आणि गर्भात मिळतात तेच निरोप त्याच क्रमानं रसायनांतून द्यायचे, असा हा मार्ग होता. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये त्याची पहिली वाटचाल दाखवली होती. २०१४ मध्ये मेल्टन यांच्या गटाला चार-पाच आठवड्यांत काचपात्रात इन्शुलिन सोडणाऱ्या बीटा पेशी मिळाल्या. ज्या मुलासाठी काम सुरू झालं, तो तोवर विशीत पोचला होता.

अशाच पेशींच्या चाचणीचे निष्कर्ष जून २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा रुग्णांपैकी दहा जणांना वर्षभरानंतर इन्शुलिनची गरज उरली नव्हती. हे मोठं यश आहे, पण दुसरी बाजूही तितकीच खरी. बाहेरच्या पेशी टिकाव्यात म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागतात. चाचणीतले दोन रुग्ण दगावले. मृत्यूचं कारण त्या पेशी नव्हत्या, पण एकाच्या मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग झाला होता, आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत असा धोका असतो. त्यामुळं हा उपचार सध्या तरी साखर अचानक घसरून जीव धोक्यात येतो अशा पहिल्या प्रकारच्या रुग्णांसाठी आहे. ‘स्टेम सेलनं मधुमेह कायमचा बरा करतो’ अशी जाहिरात कुणी दाखवली, तर पैसे भरण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

आता आपल्या घराजवळ येतो, कारण या कथेचा एक महत्त्वाचा अध्याय पुण्यात लिहिला गेला आहे. त्याआधी इंग्लंडचा एक धागा सांगावा लागेल. हार्टफर्डशर परगण्यात १९११ पासून सुईणी प्रत्येक बाळाचं वजन वहीत टिपत. डेव्हिड बार्कर आणि निक हेल्स यांनी त्या वह्या शोधून १९२०च्या दशकात जन्मलेल्या, आता साठी ओलांडलेल्या पुरुषांना गाठलं. १९९१ मध्ये त्यांनी दाखवलं की जन्मतः ज्यांचं वजन कमी होतं, त्यांच्यात उतारवयात मधुमेह जास्त होता. दोघांचा तर्क असा होता की आईच्या पोटात अन्न कमी पडलं, तर गर्भ मेंदू वाचवतो आणि स्वादुपिंडासारख्या अवयवांवर काटकसर करतो. बेटं कमी घडतात आणि ती उणीव पन्नास-साठ वर्षांनी बाहेर पडते. गर्भारपणी कमी प्रथिनं दिलेल्या उंदरिणींच्या पिल्लांत बीटा पेशी खरोखरच कमी आढळल्या.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या आयांचं सरासरी वजन ४२ किलो होतं. शेतात राबणाऱ्या, घरचं सगळं उरकून शेवटी जेवणाऱ्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी त्या मानानं फारशी कमी नव्हती. दिसायला हडकुळं आणि आतून चरबीदार, असं हे भारतीय बाळ. ती मुलं अठरा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली, तेव्हा मुलग्यांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांच्या साखरेत बिघाड आढळला. गर्भातली अपुरी वाढ आणि वाढत्या गरजेला पुरी न पडणारी बीटा पेशींची ताकद या दोन गोष्टी त्यामागं दिसल्या. ही खेड्यातली, सडपातळ मुलं होती. ‘मधुमेह हा खाऊनपिऊन सुस्तावलेल्यांचा आजार’ ही आपली जुनी समजूत यापुढं टिकत नाही.

याची दुसरी टोकाची बाजूही आहे. गरोदर आईची साखर वाढली तर ती नाळेतून बाळाकडं जाते, पण आईचं इन्शुलिन जात नाही. मग बाळाचं कोवळं स्वादुपिंड दुप्पट राबून स्वतःचं इन्शुलिन बनवतं. बाळ जन्मतःच जाड होतं आणि पुढं त्यालाही मधुमेहाचा धोका राहतो. आईला अन्न कमी पडलं तरी आणि तिची साखर वाढली तरी, भार पडतो तो त्याच बेटांवर.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीचा अंदाज आहे की भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. एवढ्या सगळ्यांना प्रयोगशाळेतली बेटं पुरवणं आपल्या हयातीत तरी घडेलसं दिसत नाही. आपल्या हातात आहे ते सोपं आणि स्वस्त आहे. गरोदरपणात ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी रक्त तपासतात. पहिल्या भेटीत आणि पुन्हा सहाव्या महिन्याच्या सुमारास ही तपासणी झाली पाहिजे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला मधुमेह निघाला, तर त्याची जनुक-तपासणी करून घ्यावी. अशा काही बाळांचं इंजेक्शन सुटून गोळीवर भागतं, हे २००६ मध्ये सिद्ध झालं आहे. आणि तिसरी गोष्ट मुलींच्या जेवणाची. बाई गरोदर आहे हे कळेपर्यंत गर्भाचे ते दोन कोंब फुटलेलेही असतात. तेव्हा धावपळ करून फार उशीर होतो. म्हणूनच पुण्याच्या त्याच गटानं २०१२ पासून खेड्यातल्या वयात आलेल्या मुलामुलींना लग्नाआधीच ब-१२ जीवनसत्त्व देऊन पाहण्याचा प्रयोग हाती घेतला.

मामूंच्या वेळी औषध कशाचं बनतं, हा प्रश्न होता. आज आपल्या घरात विचारायचा प्रश्न वेगळा आहे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या ताटात डाळ, दूध, अंडं, भाजी पुरेशी पडते का? ती सगळ्यांच्या शेवटी उरलंसुरलं तर खात नाही ना? तिच्या होणाऱ्या लेकराची बेटं त्या ताटावर अवलंबून आहेत.